जून ते नोव्हेंबर: हरणांच्या टेहळणीसाठी घेतलेला सिमवाला कॅमेरा, सहा महिन्यांनंतर

8 जून 2024 ला मी हा कॅमेरा सोयाबीनच्या वावराच्या धुऱ्यावर, एका हिकरीच्या झाडाला बांधला. शिकारीचा हंगाम संपला, हरणाचं मांस फ्रीजरमध्ये गेलं आणि त्याच्या रोगतपासणीचा निकालही आला, तेव्हा आता लिहिते. घ्यावा का, एवढंच विचारणाऱ्यांसाठी उत्तर: हो, घ्यावा. मात्र जुलैत आलेले फोटो पाहून नोव्हेंबरचं मचाण बांधू नका. तीच चूक करण्याच्या मी अगदी जवळ पोचले होते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी मूळची चंद्रपूरची, आता विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला असते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघाला की लोक दचकतात. इथली परिस्थिती वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं गावाच्या कडेलाही दिसतात, लांडगे राज्याच्या उत्तरेकडेच जास्त, आणि आमच्या दक्षिणेकडच्या शेतपट्ट्यात हरणांची संख्या आवरण्याचा मोठा भाग परवानाधारक शिकारीच उचलतात. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. तो मी केलाय. व्हिसावर असाल तर बंदुकीचे केंद्रीय नियम आधी नीट वाचा.

जागा आयोवा काउंटीत, डॉजव्हिलच्या बाजूला. सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीच्या वडिलांचं शेत आहे. हा भाग हिमनद्यांखाली कधी गेला नाही, म्हणून इथे अमेरिकेच्या या पट्ट्यातलं नेहमीचं सपाट माळरान नाही. उंच धारा आणि मध्ये अरुंद दऱ्या आहेत. धारेवर सोयाबीन नि मका, उतारावर ओकचं रान, खाली ओढा. 2023 मध्ये मी टेहळणी न करताच बसले. चार दिवसांत शेपट्या तेवढ्या दिसल्या, त्याही पळताना. म्हणून यंदा उन्हाळ्यापासून तयारीला लागले.

कॅमेऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीचे बहुतेक कॅमेरे सारखेच वागतात असं मला वाटतं. साधारण 100 डॉलरला पडला, वर महिन्याला 10 डॉलरच्या आसपास प्लॅन. फोटो काढला की तो मोबाइलवर येतो. दुसरा साधा, कार्डवाला कॅमेरा मी दरीत ओढ्यापाशी लावला, कारण तिथे नेटवर्कची एक काडीही येत नाही. तुमचं रान दरीत असेल तर सिमवाला कॅमेरा विकत घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला फोन घेऊन तिथे दहा मिनिटं उभं राहून या. धारेवर चार काड्या आणि दोनशे पावलं खाली शून्य, असं इथे सर्रास होतं.

पहिले तीन आठवडे कॅमेऱ्याने मला गवत दाखवलं. एका दिवसात दोनशेवर फोटो, सगळे वाऱ्यात डुलणाऱ्या गवताचे, आणि प्लॅनमधले फोटो महिना संपायच्या आधीच संपलेले. आतला सेन्सर उष्णता आणि हालचाल एकत्र पकडतो. उन्हात तापलेलं पान हललं तरी त्याला ते जनावर वाटतं. समोरचं गवत मुळापासून कापलं, कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला आणि तोंड उत्तरेला केलं. पूर्व-पश्चिमेला तोंड असलं की सूर्य थेट भिंगात येतो. त्यानंतर खोटे फोटो जवळपास थांबले. याची उलट बाजूही आहे. जुलैत पारा 32 अंशांवर गेला की भोवतालचं तापमान आणि हरणाच्या अंगावरची उष्णता यांत फरक उरत नाही, मग समोरून गेलेलं हरणही सुटतं. ताजे ठसे आहेत, लेंड्या आहेत आणि फोटो नाही, असं मी दोनदा पाहिलं. म्हणून पायाखालची माती वाचायचं सोडू नका. ओढ्याकाठचा चिखल त्या महिन्यात कॅमेऱ्यापेक्षा खरं बोलत होता.

बॅटरीबद्दल थोडक्यात: लिथियमच्याच घाला, साध्या बॅटऱ्या थंडीत मान टाकतात. सोबत मिळणारी सौरपट्टी धुऱ्यावर उत्तम चालते, रानात पानांच्या सावलीत तिचा उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. 14 जुलैच्या संध्याकाळी फोनवर फोटो आला: सोयाबीनमध्ये पोटापर्यंत बुडालेले चार नर, शिंगांवर मखमल. मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद करून खाली बसले. वाढत्या शिंगावर केसाळ, रक्ताने भरलेली कातडी असते आणि त्या दिवसांत ते शिंग फार नाजूक असतं. नर ते जपून चालतात. आपल्याकडच्या चितळांचं असं एका वेळी होत नाही. ताडोबात एकाच कळपात मखमलवाला नर आणि टणक शिंगांचा नर शेजारी शेजारी चरताना मी लहानपणी पाहिलेत. इथे मात्र दिवसाच्या लांबीवर सगळं बांधलेलं. एप्रिलच्या सुमारास शिंग फुटतं, पुढे दिवस लहान होत जातो तसं शरीरातलं संप्रेरक वाढतं, ऑगस्टच्या अखेरीपासून मखमल सुकते आणि नर ती झाडांवर घासून काढतात. तोवर ते टोळीने राहतात, एकमेकांशी भांडत नाहीत.

पुढचे पाच आठवडे ते चौघे जवळपास रोज संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान त्याच कोपऱ्यातून वावरात उतरत. त्यातल्या एकाच्या डाव्या शिंगाला खाली वाकलेलं एक जास्तीचं टोक होतं, म्हणून तो लगेच ओळखू यायचा. मी त्या कोपऱ्यावर शिडीचं मचाण बांधायचं नक्की केलं, लाकूडही मोजलं. मैत्रिणीच्या वडिलांना, म्हणजे शेतमालक आजोबांना, फोटो दाखवले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सोयाबीन पिवळं पडू दे, मग बोलू."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन पिवळं पडलं. 11 सप्टेंबरनंतर त्या कोपऱ्यात एकही नर आला नाही. मखमल गळाली, टोळी फुटली, आणि सोयाबीनचं पान हिरवं असतं तोवरच त्यात त्यांचा जीव असतो. आठ दिवस मी कॅमेरा बिघडला असं समजत होते. तो बिघडला नव्हता. हरणांनी घर बदललं होतं. काही नर उन्हाळ्याच्या नि शरदाच्या जागा पूर्ण वेगळ्या ठेवतात, काही तिथेच राहतात, फक्त ताट बदलतं.

ताट कुठे गेलं ते दरीतल्या साध्या कॅमेऱ्याने सांगितलं, आणि तेही उशिरा, कारण त्या कॅमेऱ्याच्या बाबतीत मी स्वतः चुकत होते. कार्ड काढायला मी जुलैत दर रविवारी खाली जायची. पहिल्या दोन आठवड्यांत तिथे दिवसाउजेडी माद्या यायच्या, महिन्याच्या शेवटी उरले ते रात्रीचेच फोटो. ते माझ्यामुळेच झालं असं मला वाटतं. त्यात संध्याकाळी जाणं तर सर्वांत वाईट. ऊन उतरलं की गार हवा उतारावरून खाली वाहते आणि तुमचा वास थेट दरीत नेऊन सोडते, सकाळी ऊन चढलं की उलट. हे मी मिल्कवीडच्या कापसाने शिकले. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलंच झाड, शेंग फोडली की तशाच म्हाताऱ्या उडतात. एक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत राहायचं. ऑगस्टपासून मी तीन-तीन आठवड्यांनी, भर दुपारी आणि शक्यतो पाऊस भुरभुरत असताना, रबरी बूट घालूनच खाली गेले. सप्टेंबरच्या अखेरच्या कार्डावर पुन्हा उजेडातले फोटो होते.

त्या फोटोंत उतारावरच्या एका पांढऱ्या ओकखाली माद्या मान खाली घालून उभ्या होत्या. पांढऱ्या ओकचं फळ एकाच हंगामात पिकतं आणि कमी तुरट असतं. लाल ओकच्या फळाला दोन वर्षं लागतात आणि ते कडवट. हरणं पांढरं आधी संपवतात. मी मचाण तिथून साठ पावलांवर, वारा तोंडावर येईल असं बांधलं. वावराच्या कोपऱ्यावर बांधलं असतं तर नोव्हेंबरभर कापलेलं रान बघत बसले असते.

हाच या सहा महिन्यांचा माझा हिशेब: उन्हाळ्यातला कॅमेरा कोण राहतं ते सांगतो, कुठे भेटेल ते सप्टेंबरनंतर कळतं. सिमवाल्या कॅमेऱ्याचा खरा फायदा फोटोंच्या गुणवत्तेत नाही (रात्रीचे फोटो धूसरच येतात), तो तुमची पावलं रानाबाहेर ठेवतो यात आहे.

तक्रारीही सांगते. माझ्या कॅमेऱ्याचे रात्रीचे दिवे मंद लाल दिसतात, आणि वाकड्या टोकाचा तो नर बहुतेक फोटोंत थेट भिंगात बघतोय. पूर्ण अदृश्य प्रकाशाचा घेतला असता तर बरं झालं असतं, जरी त्याचा पल्ला कमी असतो. ऑगस्टच्या दमट सकाळी भिंगावर बाष्प धरतं. कोळी सेन्सरपुढे जाळं विणतो. आणि साध्या कॅमेऱ्याचं घड्याळ आपलं आपण बदलत नाही: 3 नोव्हेंबरला इथली उन्हाळ्याची वेळ संपून घड्याळं एक तास मागे गेली, कार्डावर माद्या पावणेनऊला दिसत होत्या, प्रत्यक्षात पावणेआठला येत होत्या. हा हिशेब मैत्रिणीने लक्षात आणून दिला नसता तर मी एक तास कमी बसले असते.

फोटो जास्त यावेत म्हणून मीठ किंवा मका टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आयोवा काउंटीत ते बेकायदा आहे, आणि कारण गंभीर आहे. हरणांना पोखरत नेणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये पहिल्यांदा याच परिसरात सापडला. तो लाळेतून, मुतातून पसरतो, मातीत टिकून राहतो, आणि त्याला औषध नाही. एका ढिगावर दहा तोंडं आणणं म्हणजे तो वाटणं. दुसरीकडे राहत असाल तर तिथले नियम बघा. अॅरिझोनात शिकारीसाठी असे कॅमेरे लावायलाच 2022 पासून बंदी आहे. आणि जून-जुलैत रानात जाल तर कपड्यांवर परमेथ्रिन मारून जा. इथल्या गोचिडींमुळे लाइमचा आजार होतो. मी प्रत्येक फेरीनंतर कानामागे, गुडघ्यामागे तपासायची.

मला या सगळ्यात बाबांची फार आठवण आली. ते शाळेत शिक्षक, पण बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला ताडोबात स्वयंसेवक म्हणून जायचे. एकदा मलाही नेलं. पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसायचं, काही आलं की वहीत वेळ लिहायची आणि बोलायचं नाही. नोव्हेंबरच्या काळोखात शिडी चढताना माझे हात त्याच सवयीने हळू पडत होते. फरक एवढाच की माझ्या खांद्याला रायफल होती, आणि तो फरक छोटा नाही हे मला माहीत आहे.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम 23 नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडला. जूनमध्ये धुऱ्यावरच्या फोटोंत एक मादी दोन ठिपकेदार पाडसांसह यायची. तिच्या कानाला फाटलेली खाच होती. नोव्हेंबरपर्यंत पाडसं स्वतंत्र होतात, तिला मारणं कायद्याने आणि पिल्लांच्या दृष्टीनेही चूक नव्हतं. तरी मी तिला घेणार नाही असं ठरवलं होतं. सकाळी 7:40 ला ती आधी आली, मागून दोन मोठी झालेली पिल्लं. ओकखाली थांबली, खाल्लं, गेली. सव्वाआठला दुसरी मादी एकटी आली. पन्नास पावलांवरून एकच गोळी. ती तीस पावलं जाऊन पडली. मी शिडीवरच बसून राहिले, हात थांबेपर्यंत. मग खाली उतरून तिच्या मानेवर हात ठेवला.

वाकड्या टोकाचा नर हंगामभर उजेडात दिसला नाही.

मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत करायची असते, मी त्याच दुपारी फोनवर केली. डोकं सीडब्ल्यूडी तपासणीच्या पेटीत ठेवलं. ती तपासणी फुकट असते आणि या पट्ट्यात ती करूनच मांस खावं. निकाल येईपर्यंत मांसाच्या पुडक्यांना हात लावला नाही. निगेटिव्ह आला त्या रविवारी सावजीचा मसाला घालून रस्सा केला आणि पहिला डबा आजोबांकडे पोचवला.

धुऱ्यावरचा कॅमेरा काढलाय, प्लॅन मार्चपर्यंत बंद. दरीतला तसाच राहू दिलाय. जानेवारीपासून नर शिंगं गाळतात. तेव्हा कार्ड काढायला जाईन आणि त्या पांढऱ्या ओकच्या आसपास वाकडं टोक असलेलं शिंग पडलंय का, तेही बघून येईन.