वॉकरने चालत गेलेल्या बाईचं ‘बेडरिडन’ बिल

डिपॉझिट २,००,०००. नोंदणी २५,०००, ती परत न मिळणारी. महिना ३२,००० ‘सर्व समाविष्ट’. हे तीन आकडे तोंडी सांगितले गेले आणि माहितीपत्रकावरही छापलेले होते. तिसऱ्या महिन्याचं बिल आलं ७६,४०५ रुपयांचं. पुण्याबाहेर तासाभराच्या अंतरावर, टेकडीच्या कुशीत वगैरे असलेल्या एका सीनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी पैसे भरून राहायच्या जागेत, सासूबाईंना ठेवलं होतं, त्याचा हा हिशोब आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. आणि नाव कळून फार उपयोगही नाही. हाच करार, हीच भाषा आणि हीच बिलं दुसऱ्या पाट्यांखालीही सापडतात.

जाहिरातीत दर कमी दाखवायचा आणि मागाहून ‘एक्स्ट्रा’ लावायचे, ही युक्ती सगळ्यांनाच माहीत आहे. ती गृहीत धरून पाच-सात हजारांची तयारी ठेवलीच होती. इथली युक्ती वेगळी आहे. इथे काळजी जितकी वाईट घेतली जाते, तितकं बिल वाढतं. करारातलं कलम १४ बघा: ‘निवासीची श्रेणी (स्वावलंबी / असिस्टेड / बेडरिडन) संस्थेच्या असेसमेंटनुसार ठरेल व ते असेसमेंट अंतिम राहील.’ म्हणजे माणूस चालता ठेवला तर यांना ३२,००० मिळणार आणि झोपवला, म्हणजे ‘बेडरिडन’ केला, तर ४६,०००. झोपवायचं कुणी, ठरवायचं कुणी आणि बिल कुणी लावायचं? तिन्ही तेच.

सासूबाई ७९ वर्षांच्या, पार्किन्सन्स, वॉकर घेऊन स्वतः बाथरूमला जाणाऱ्या. त्यांची लेव्होडोपाची गोळी सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ अशी होती, जेवणाच्या निदान अर्धा तास आधी. पार्किन्सन्सचा पेशंट ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत असेल, ही गोळी तासभर पुढे गेली की अंग लाकडासारखं होतं. उठता येत नाही, पाऊल चिकटून बसतं. शिवाय डाळ-दूध-पनीर यांच्याबरोबर दिली तर नीट लागूच पडत नाही. संस्थेत गोळ्यांची ट्रॉली जेवणाबरोबर फिरते: नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण. दिवसाच्या चार गोळ्या तीन फेऱ्यांत बसवल्या, त्याही वरणभाताबरोबर. वेळांचा कागद प्रवेशाच्या दिवशीच दिला होता, त्यावर सिस्टरची सही आहे. दोन आठवड्यांत बाई ताठरल्या, वॉकर कोपऱ्यात गेला, डायपर आला आणि श्रेणी बदलली. मग रात्री हाका मारतात म्हणून क्वेटियापीन सुरू, म्हणजे गुंगी आणणारं मानसिक आजारावरचं औषध. न्यूरॉलॉजिस्टला विचारलं नाही, घरी कळवलं नाही. दिवसभर गुंगीत, म्हणून जेवण अर्धं. वजन ५८ वरून ५१ किलो.

आता ते बिल. मूळ शुल्क ३२,०००. श्रेणीवाढ १४,०००. डायपर १५० नग, ४८ रुपये दराने ७,२००. ‘कन्झ्युमेबल्स’ ३,८५०, काय काय ते लिहिलेलं नाही. डॉक्टर व्हिजिट चार, ८०० प्रमाणे ३,२००. ‘रात्रीची विशेष देखरेख’ ४,५००. बेरीज ६४,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ११,६५५. डायपरच्या पाकिटावर दहा नगांची एमआरपी ३८० छापलेली आहे, म्हणजे नग ३८ ला, तोही सगळे कर धरून. तो ४८ ला विकला आणि वर पुन्हा १८ टक्के. डॉक्टरांच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे, तरी ८०० वर जीएसटी. आणि दिवसाला पाच डायपर खरोखर बदलले असते, तर माकडहाडाच्या जागी दोन बोटं जाईल असा बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, झाला नसता.

जीएसटीचं एक इथेच सांगून टाकतो. आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदणी (१९६१ च्या कायद्यातली १२एबी) असलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल, राहणारा ६० वर्षांवरचा असेल आणि राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० पर्यंत घेत असतील, तर जीएसटी लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ट्रस्ट आहे की कंपनी? माहितीपत्रकावर ‘सेवाभाव’ आणि पावतीवर प्रायव्हेट लिमिटेड, असं असेल तर पुढचं ओळखा.

कुठे थांबायला हवं होतं, ती जागा अगदी ठळक आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. पहिल्या भेटीत सगळा मजला दाखवला. गणपतीचं मंदिर, भजनाचा हॉल, फिजिओथेरपीची सायकल. एका खोलीत बेडला खिळलेले एक आजोबा होते आणि पायाशी क्लिपबोर्डला कूस बदलण्याचा तक्ता. दर दोन तासांचे रकाने: ८ उजवी, १० डावी, १२ पाठ, २ उजवी, ४ डावी, ६ पाठ. प्रत्येकासमोर सही. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच हाताच्या, एका दमात ओढलेल्या. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पावणेबारा वाजले होते. दुपारच्या चारची आणि संध्याकाळच्या सहाची कूस सकाळीच बदलून झाली होती! त्या कागदावर नजर गेली, ‘बघा, किती व्यवस्थित रेकॉर्ड ठेवतात’ असं मॅनेजर म्हणाली आणि आम्ही मान डोलावून पुढे गेलो. आता कुणी म्हणेल, दिसत होतं तर बोलला का नाहीत? घरात दोघंही नोकरी करणारे, ब्युरोच्या तीन मावश्या सहा महिन्यांत सोडून गेलेल्या, डॉक्टर म्हणतायत एकटं ठेवू नका. अशा वेळी माणूस दोष शोधायला जात नाही, जागा मिळेल का हे बघायला जातो. त्यांचा सगळा धंदा त्याच घाईवर चालतो.

तेव्हा भेटीला गेलात की मंदिर बघू नका, तक्ते बघा. पुढच्या वेळेच्या सह्या आधीच झाल्यात का? औषधांच्या चार्टवर वेळ लिहिली आहे की नुसतं ‘स-दु-रा’? इन्सुलिनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का? साधारण २८ दिवसांनी ती टाकायची असते. एअर बेड असेल तर पंपाला हात लावा. चालू असेल तर थरथर लागते. अर्ध्या खोल्यांत पंप बंद असतो, कारण प्लग पॉइंटवर मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो.

भेट रात्री साडेआठनंतर घ्या. ‘व्हिजिटिंग अवर्स संपले’ म्हणतील, तर तेवढ्यावरून निर्णय घेता येतो. दिवसा ‘चार जणांमागे एक अटेंडंट’ सांगतात. रात्री इथे ३८ जणांना एक ब्रदर आणि दोन मावश्या होत्या. ड्यूटी रोस्टर मागा, नावांसकट. ‘नर्स’ म्हणजे जीएनएम की एएनएम (दोन्ही नर्सिंगचे अभ्यासक्रम, पहिला मोठा), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारा. पांढरा ड्रेस कुणीही घालतं.

जेवणाच्या वेळा विचारा, मेनू नंतर. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि नाश्ता साडेआठला म्हणजे मध्ये चौदा तास पोटात काही नाही. इन्सुलिनवरच्या माणसाची साखर पहाटे उतरते ती यामुळे, आणि सकाळी सांगतात ‘अचानक घामाघूम झाले’. संध्याकाळी पाचनंतर पाणी देतात का, हेही बघा. डायपर कमी भिजावा म्हणून पाणी तोडतात. मग लघवीचा संसर्ग, मग भ्रम, मग ‘आजी ॲग्रेसिव्ह झाल्यात’, मग झोपेची गोळी. प्रत्येक पायरीचा वेगळा चार्ज आहेच.

माणूस आत असेल तर दर पंधरा दिवसांनी स्वतःसमोर वजन करून घ्या. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घटलं तर ‘वय झालं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. भेटायला गेलात की गप्पांआधी मोजे काढून टाचा बघा, कुशीवर वळवून माकडहाड बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर बेडसोर सुरू झालाय, फोटो काढा. लाज वाटते, सासूबाईंना तर फारच वाटायची. तरी बघा. पार्किन्सन्स असेल तर उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि शांत करायला हॅलोपेरिडॉल चालत नाही, हे लाल शाईने फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली ड्यूटी डॉक्टरची सही घ्या.

बाहेर काढल्यावरचा हिशोब तर कळसच. दोन लाखांतून दोन महिन्यांचा नोटीस पिरियड कापला, तोही चढ्या दराने: ९२,०००. खोलीचं रंगकाम ३५,०००. डीप क्लीनिंग ८,५००. किरकोळ थकबाकी १२,३००. हातात आले ५२,२००. तीन महिन्यांची बिलं ३७,७६०, ५८,४१० आणि ७६,४०५. डिपॉझिट-नोंदणी धरून एकूण ३,९७,५७५ गेले, परत आलेले वजा करा, ३,४५,३७५. तीन महिन्यांत भिंत एवढी कशी खराब होते की ३५,००० चा रंग लागतो, याचं उत्तर मिळालेलं नाही. चेक देण्याआधी ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ असं छापील पत्र पुढे केलं. त्यावर सही केलीच तर शेजारी ‘रक्कम अमान्य, हक्क राखून’ असं हाताने लिहा आणि फोटो काढा. आम्ही ते लिहिलं, तेव्हा मॅनेजरबाईंचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

आता सरकारी दारं. पोलीस चौकीत पहिलं वाक्य: ‘ही दिवाणी बाब आहे.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ दाखवलं: आजारामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून टाळणं हा गुन्हा आहे. अंमलदारांनी पुस्तक उघडलं, शिक्षा वाचली: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हसले आणि एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून दिली. माणसाच्या पाठीला भोक पडलं तरी अदखलपात्र! समाजकल्याणवाले म्हणाले, संस्था अनुदानित नाही, आमच्याकडे येत नाही. आरोग्य विभाग म्हणाला, हे हॉस्पिटल नाही. अहो, नर्सिंग होम नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यात आजार, इजा यांच्याबरोबर दुर्बलता हाही शब्द आहे. अशा माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करायची जागा म्हणजे नर्सिंग होम. ट्यूब घालतायत, कॅथेटर बदलतायत, ड्रेसिंगचे पैसे लावतायत, मग ही काय धर्मशाळा आहे? ‘वरून मार्गदर्शन मागवतो,’ एवढंच. प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात कळलं की २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, पण निर्वाहाचा अर्ज मुलांविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध करायचा असतो. म्हणजे सासूबाईंना आमच्यावर केस करता येईल, संस्थेवर नाही. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, ९०० मिलिमीटरचे दरवाजे, न घसरणारी फरशी, बाथरूमला आधाराच्या दांड्या, सगळं आहे. पण ते विकल्या जाणाऱ्या फ्लॅटसाठी. महिन्यावारी राहणाऱ्याला कोण वाली? हॉटेलच्या किचनला परवाना लागतो, पाळणाघरावर लोक नजर ठेवतात, आणि ३८ म्हातारी माणसं कुलुपात ठेवणाऱ्याकडे एक कागद मागायला कुणी येत नाही. प्रत्येक टेबलावर सहानुभूती मात्र भरपूर. ‘माझीही आई आहे’ हे ऐकून ऐकून कान किटले.

चालतो तो ग्राहक आयोगच, तोही त्याच्या गतीने. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, त्यावर विसंबून सुट्ट्या टाकू नका. मात्र दार उघडं आहे: भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ असं करारात असलं तरी घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, क्रमांक जपून ठेवा. २०१९ च्या कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, अवाजवी डिपॉझिट आणि एकतर्फी करार मोडणं त्यात बसतं, वकिलाला ती दाखवा, कारण आमच्या पहिल्या वकिलांना ती माहीत नव्हती.

पुरावा आतून निघतानाच गोळा करा. औषधांचा चार्ट, तक्ते, व्हिजिटच्या नोंदी सगळ्यांचे फोटो. कागद नाकारले तर संस्थेला नाही, तिथे येणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या नोंदणी क्रमांकासह लेखी पत्र द्या. अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देण्याचा नियम डॉक्टरांना आहे. बेडसोर असेल तर थेट घरी आणू नका. आधी सरकारी किंवा मोठ्या हॉस्पिटलात नेऊन जखमेची लांबी-रुंदी-खोली आणि ग्रेड लिहून घ्या. नाहीतर ‘तो घरी झाला’ असं उत्तर येतं. आमच्या प्रकरणात त्यांच्या लेखी उत्तरात तेच आलं आहे, आणि हॉस्पिटलच्या कागदावर दाखल झाल्याची वेळ आहे म्हणून ते टिकणार नाही.

करार घरी वाचायला देत नसतील तर उठून या. देत असतील तर श्रेणीचं कलम शोधा आणि त्यात तीन गोष्टी घालून मागा: असेसमेंट आपल्या डॉक्टरांसमोर होईल, श्रेणी बदलण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना मिळेल, आणि संस्थेत झालेल्या बेडसोरसाठी किंवा पडण्यासाठी जादा शुल्क लागणार नाही. ही तिसरी अट मागितल्यावर त्याच भागातल्या एका दुसऱ्या संस्थेने फोन उचलणं बंद केलं. त्यांचं डिपॉझिट तीन लाख आहे.