जुना 'शोगन' सेकंडहँड घेणार असाल तर आधी हे वाचा

मिल्टन ब्रॅडली कंपनीचा १९८६ चा शोगन, म्हणजे जपानी सरदारांच्या लढायांचा बोर्डगेम, आपल्याकडे विकायला निघाला की बोर्डगेमवाले तुटून पडतात, आणि ते साहजिकच आहे, कारण गेम कधीचा बंद झालाय, १९९५ ला तोच 'सामुराई स्वॉर्ड्स' म्हणून आला, २०११ ला 'इकुसा' म्हणून आला, आता तेही सहज मिळत नाहीत आणि बाहेरून मागवायचा तर एवढ्या मोठ्या डब्याचं शिपिंग आणि वर कस्टम ड्युटी, नकोच वाटतं. याच गोष्टीचा फायदा घेऊन एकाने माझे १४,००० रुपये खाल्लेत. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जाहिरातीत लिहिलेलं, कंप्लीट सेट, सगळे पार्ट्स मोजलेले. माणूस बोलायला एकदम माहितगार. प्रत्येक फेरीत आपापले कोकू (गेममधले पैसे) पडद्याआड कसे वाटायचे, तलवारीसाठी बोली लावून आधी चाल कोणाची ते कसं ठरतं, निंजा एकच असतो आणि जास्त बोली लावेल त्यालाच मिळतो, मग त्याने समोरच्याच्या दाइम्योचा, म्हणजे सरदाराचा, खून करायचा की त्याचा प्लॅन चोरून बघायचा, हे सगळं त्याने इतकं रंगवून सांगितलं की हा माणूस वर्षानुवर्षं खेळलाय असंच कोणालाही वाटेल. गेम माहिती असणं आणि गेम जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियम तर आजकाल कोणीही वाचू शकतं.

मी म्हटलं, सगळे पार्ट्स टेबलावर मांडून एक व्हिडिओ पाठवा. तर म्हणे, "दादा, सेट गावच्या घरी आहे, फोटो आहेत ना, अजून काय पाहिजे?" मग थोड्या वेळाने, "नाशिकचा एकजण आत्ता पैसे टाकतोय, तुम्ही मराठी माणूस म्हणून तुम्हाला आधी विचारलं." पूर्ण पैसे ॲडव्हान्स, तेही यूपीआयनेच. पार्सल मात्र खरंच पाठवलं, आणि हीच त्याची खरी चलाखी, कारण काहीच आलं नसतं तर सरळ फ्रॉड म्हणता आलं असतं, आता तो म्हणतो मी तर माल दिलाय.

डब्यात काय होतं ते सांगतो. बोर्ड होता. दोन रंगांचं सैन्य जवळपास पूर्ण, तिसऱ्या रंगाचे थोडे भालेवाले आणि बाकी जागेत पेपरचे बोळे आणि कुठल्यातरी खेळण्यातले हिरवे सोल्जर. तलवारी नाहीत, निंजा नाही, रोनिन (भाड्याचे सामुराई) नाहीत, बारा बाजूंचे फासे नाहीत आणि सगळ्यात वाईट म्हणजे सैन्य मांडायची कार्डं नाहीत. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी, यात प्रत्येकाची तीन सैन्यं असतात, प्रत्येक सैन्याला एक दाइम्यो, आणि त्या सैन्यात कोण कोण आहे ते नकाशावर नाही तर बाजूच्या कार्डावर मांडतात, दाइम्यो लढाया जिंकत गेला की त्याचा अनुभव वाढतो आणि तो जास्त चाली करू शकतो. तिन्ही दाइम्यो मेले की तुम्ही गेममधून बाहेर. मित्र म्हणाले तलवारींच्या जागी चिठ्ठ्या टाकू, ते चालेल, मान्य आहे, पण कार्डंच नसतील तर राहिलं काय? आणि ज्यांना हा गेम मनापासून खेळायचाय त्यांच्याच भांडवलावर असं करणं मला फार घाण वाटतं.

फोन केला तर आधी म्हणाला राहिलेले पार्ट्स दुसऱ्या घरी आहेत, पाठवतो. मग ब्लॉक. बँकेने सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत त्यामुळे आम्ही परत घेऊ शकत नाही. १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि सगळं चॅट जोडलं. तो व्हिडिओ होता म्हणून निदान डब्यात काय आलं हे दाखवता तरी आलं. असं काही झालं तर १९३० ला लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत, उशीर झाला की खातं गोठवून पण हाती काही लागत नाही. माझे अजून आलेले नाहीत.

घेताना व्हिडिओ कॉलवरच बघा, आणि समोरच्याला सांगा की पाचही तलवारी, पाचही रंगांचे तीन तीन दाइम्यो आणि सैन्याची सगळी कार्डं कॅमेऱ्यासमोर मांड. ज्याच्याकडे असेल त्याला पाच मिनिटं लागतात. डब्यावर कंपनीचं नाव पण नीट वाचा, क्वीन गेम्सचा २००६ चा शोगन पूर्ण वेगळा गेम आहे, त्यात मनोऱ्यात लाकडी ठोकळे टाकून लढाई होते, तोही चांगला आहे पण हा नाही.

आणि मुख्य म्हणजे मला आलेल्या डब्याचे चारही कोपरे धड आहेत, फोटोतल्या डब्याचा वरचा उजवा कोपरा फाटून त्यावर खाकी टेप लावलेली आहे, म्हणजे फोटोतला सेट दुसराच कोणाचा तरी आहे. तेच फोटो आता 'सामुराई स्वॉर्ड्स, रेअर' म्हणून वेगळ्या नंबरवरून फिरतायत, किंमत १२,००० लावलीय. खाकी टेपचा तो कोपरा दिसला तर एक रुपयाही पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला पाठवा, तक्रारीला जोडतो.