लाडक्या जनावराचं स्मरणचित्र: ॲप, चित्रकार की स्वतःचा हात?

कुत्रा किंवा मांजर गेल्यावर मोबाइलमध्ये ढीगभर फोटो असतात, पण भिंतीवर लावावा असा एकही पटकन सापडत नाही. एकात मान हललेली, दुसऱ्यात डोळ्यांत फ्लॅशची हिरवी चमक, तिसऱ्यात निम्मं अंग पलंगाखाली. मग फोटोवरून डिजिटल चित्र करायचा विचार येतो आणि तीन वाटा दिसतात. माझं मत आधीच सांगते: फोटो यथातथाच असतील आणि चित्रात नेमकं आपलंच जनावर दिसायला हवं असेल, तर चित्रकाराकडे जा.

ॲपमध्येही दोन प्रकार आहेत. साधा फिल्टर तुमच्याच फोटोवर ब्रशच्या फटकाऱ्यांचा पोत चढवतो. फोटो अंधुक असेल तर चित्रही अंधुकच येतं. आणि फोटो मुळातच सुरेख असेल, तर त्यावर पोत चढवण्यापेक्षा तोच चांगल्या कागदावर छापून घेणं मला जास्त पटतं. एआय वेगळं काम करतं. ते चित्र नव्याने रचतं आणि जे फोटोत स्पष्ट नाही ते सरासरी अंदाजाने भरतं. रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी कुत्र्याच्या कानाला अनेकदा नसबंदीच्या वेळी केलेली खाच असते. एआय ती बुजवून कान अखंड करून टाकू शकतं. तिरंगी मांजरीचे ठिपके इकडचे तिकडे होतात, एक उभा आणि एक पडका कान सारखे होतात. ज्या खुणांवरून आपण तिला लांबूनही ओळखायचो, त्याच नेमक्या जातात. चित्र मिनिटभरात मिळतं, पैसे नगण्य लागतात. पण दुःख ताजं असताना परका चेहरा समोर आला तर फार लागतं.

चित्रकाराचा मोठा फायदा हा की तो एका फोटोवर अडून राहत नाही. चेहरा एका फोटोतून, छातीवरचा पांढरा पट्टा दुसऱ्यातून, बसण्याची ढब व्हिडिओतून घेता येते. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम १९२० × १०८० पिक्सेलची असते. ए४ आकारात ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे ती फ्रेम थेट छापायला अपुरी; पण बघून रंगवायला भरपूर. मात्र जोडकाम जाणकाराचं हवं. मांजराची बाहुली उन्हात चिरेसारखी बारीक होते आणि मंद उजेडात गोल, त्यामुळे उन्हातल्या अंगावर रात्रीचे डोळे बसवले की चेहरा खोटा वाटतो. फोन नाकाशी नेऊन काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान येतात, तेही चित्रकाराने ओळखून सुधारायला हवं.

चित्रकार निवडताना त्याने रंगवलेली काळी जनावरं बघायला मागा. काळ्या केसांत उजेडाप्रमाणे निळसर, तपकिरी छटा असतात. नुसता काळा रंग भरला की चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. रंग भरण्याआधी कच्चं रेखाटन पाहायला मिळेल का, बदल किती वेळा करून मिळतील, हे आधीच ठरवा. चेहरा जुळतोय की नाही हे रेखाटनातच कळतं. वयाचंही सांगा: तोंडावरचे केस पांढरे झालेले हवेत की तरुणपणचा तुकतुकीत चेहरा? यावर घरात दोन मतं असतात, ती आधी मिटवलेली बरी. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसतात आणि केसांचे बारकावे पुसले जातात.

स्वतः काढायचं तर आयपॅडवर प्रोक्रिएट हे चित्र काढायचं ॲप आहे, एकदाच विकत घ्यावं लागतं. संगणकावर क्रिता पूर्ण मोफत आहे. सोबत पेन टॅबलेट, म्हणजे पेनाने रेखाटायची पाटी, असला की झालं. फोटो खालच्या लेयरवर (थरावर) ठेवून बाह्यरेषा गिरवायला काहीच हरकत नाही. आधी डोळे करा, दोन्हींतला चमकीचा ठिपका उजेडाच्या एकाच दिशेने ठेवा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ब्रश फिरवा. चित्रकलेची सवय असेल तर ही वाट मला सगळ्यांत जिव्हाळ्याची वाटते, कारण तासन् तास त्या चेहऱ्याकडे बघणं होतं. सवय नसेल तर अर्धवट राहिलेलं चित्र त्रास देतं.

कागदावरचं जलरंगातलं चित्र सुंदरच, पण ते एकच असतं आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशीपासून जपावं लागतं. डिजिटल फाइल पुण्यातल्या आईकडे आणि परदेशातल्या मुलाकडे सारखीच छापता येते. त्यासाठी चित्रकाराकडून पूर्ण आकाराची टिफ किंवा पीएनजी (दर्जा न घटवणारी) फाइल मागून घ्या. छपाई आम्लविरहित मॅट कागदावर, पिगमेंट (लवकर न फिकटणाऱ्या) शाईने करा आणि फ्रेम थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.