चार टक्के कोणाला लागू? भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स, खान्देशातल्या घर-गाळ्यांसाठी

भाडेवाढीचा विषय निघाला की जळगाव-धुळ्यात कोणी ना कोणी चार टक्क्यांचा आकडा पुढे करतोच. मालकाने हजार रुपये वाढवून मागितले की राहणारा म्हणतो, कायद्यात तर चारच टक्के आहेत. आकडा खरा आहे, पण तो सगळ्यांच्या कामाचा नाही. तुमच्या हातात कागद कोणता, भाडेपट्टा की लिव्ह अँड लायसन्स, यावर ते ठरतं. म्हणून जागा घेताना-देताना आधी कागदाचा प्रकार ठरवा, भाड्याची घासाघीस मग करा.

चार टक्के आले महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातून. कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ११ प्रमाणे मालकाला दरवर्षी चार टक्के भाडं वाढवता येतं. सहा हजारांच्या खोल्यांवर २४० रुपये. धुळ्याच्या आग्रा रोडवर समजा एखादं आजोबांच्या काळातलं दुकान दीडशे रुपयांवर चालू असेल, तर वर्षाला सहा रुपये. सहा रुपयांत कटिंग चहासुद्धा येत नाही, त्यामुळे जुन्या पेठेतल्या मालकांचा राग समजू शकतो.

चार टक्क्यांशिवाय मालकाला आणखी काही वाटा आहेत. घरपट्टी वाढली तर तेवढी वाढ भाड्यात घालता येते. ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती घेऊन सुधारणा केली, तर खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ मागता येते. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी तात्पुरती वाढ मिळते, तीही प्रमाण भाड्याच्या (कायद्याने धरलेल्या मूळ भाड्याच्या) २५ टक्क्यांच्या आतच. यापलीकडे मागितलं आणि भाडेकरूने नाकारलं, तर केवळ तेवढ्यासाठी त्याला काढता येत नाही. ठरलेलं भाडं आणि मान्य वाढ तो देत असेल तर कायदा त्याच्या पाठीशी आहे.

हे सगळं मात्र भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या नजरेत भाडेकरू नाही. त्याला जागा वापरायची परवानगी आहे, ती ठरल्या मुदतीपुरती. त्याच्या शुल्कात वाढ किती आणि कधी, हे फक्त करारनामा सांगतो. दहा टक्के लिहिले असतील तर दहा, पंधरा असतील तर पंधरा. उलट बाजूही ध्यानात घ्या: करारात वाढीचं कलमच नसेल तर मुदत संपेपर्यंत मालकाला एक रुपयाही वाढवून मागता येत नाही. मुदत संपली की मात्र मालक म्हणेल तो आकडा, नाहीतर सामान बांधा. राहण्यासाठी दिलेली जागा मुदतीनंतर सोडली नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि तोवरच्या वापरापोटी दुप्पट शुल्क लागू शकतं.

मग घ्यावं काय? बांभोरीच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकायला आलेला पोरगा असो की भुसावळला बदलून आलेला रेल्वेवाला, त्याला तसाही भाडेपट्टा कोणी देणार नाही. आजचा मालक रिकामी खोली परवडली म्हणेल, पण भाडेकरूचा हक्क लागू देणार नाही. अशांनी चार टक्क्यांवर वाद घालण्यापेक्षा अकरा महिन्यांऐवजी ३३ महिन्यांचा करार मागावा आणि प्रत्येक अकरा महिन्यांनंतरची वाढ आकड्यात लिहून घ्यावी. करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. माझ्या मते राहणाऱ्याला यातच खरं संरक्षण आहे, आणि मालकालाही दरवर्षी नवा माणूस शोधावा लागत नाही.

अनामत किती घ्यायची याला आपल्या कायद्यात मर्यादा नाही. ‘घराला दोन महिन्यांचंच डिपॉझिट’ असं ऐकू येतं ते केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो इथल्या घराला लागत नाही.

आपल्याकडे तिसराच प्रकार जास्त चालतो: स्टँपपेपरवर मजकूर, खाली नोटरीचा शिक्का, काम झालं. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे पक्कं डोक्यात बसलंय. काही ठिकाणी तर तेवढंही नाही; ‘भाऊ, घर आपलंच शे’ म्हणून चावी हातात. पण महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे भाडेपट्टा असो की लायसन्स, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ठरलेली दहा टक्के वाढसुद्धा हवेत. खर्चाचं म्हणाल तर महिना सहा हजार आणि तीस हजार अनामत धरली, तर अकरा महिन्यांच्या लायसन्सचं मुद्रांक शुल्क दोनेकशे रुपये होतं (दर पाव टक्का). वर नोंदणी फी. ऑनलाइनही होतं.

वाढ नाकारली म्हणून पाणी-वीज तोडणं, तेही जळगावच्या मे महिन्यात, हा प्रकार ऐकायला मिळतो. भाडेकरूच्या बाबतीत कलम २९ ने याला मनाई आहे.

दुकानाचं गणित वेगळं. कलम २४ चा जलद मार्ग फक्त राहत्या जागेला आहे. लायसन्सवर दिलेला गाळा परत घ्यायला मालकाला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. दुकानदाराने मात्र जमल्यास भाडेपट्टाच मागावा, कारण गिऱ्हाईक जागेला बांधलेलं असतं आणि दर तीन वर्षांनी पाटी हलवून धंदा होत नाही. त्यासाठी मालक पागडी, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त एकरकमी रक्कम, मागेल. कलम ५६ मुळे ती घेणं-देणं आता कायदेशीर आहे, तेव्हा रोख मोजून मोकळे होऊ नका, करारात आकडा येऊ द्या. गाळा महापालिकेचा असेल तर यातलं काहीच लागू नाही, स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागा या कायद्यातून वगळल्या आहेत. जळगाव महापालिकेच्या फुले मार्केटमधल्या गाळेधारकांना विचारा. आणि गाव लहान असेल तर आधी कायद्याच्या अनुसूचीत त्याचं नाव आहे का ते बघून घ्या, कारण हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही.