सागाचा परवाना लटकलाय: अपील करावं की भरपाईचा दावा?

अकलूज-पंढरपूर पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर बांधाला लावलेला साग आता तोडीला आलाय. परवानगी रखडली की लोक दोन वाटा सांगतात: लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ (सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा) खाली अपील, नाहीतर सरकारवर भरपाईचा दिवाणी दावा. दोन्हींची चौकशी करून मी अपील धरलं.

दावा ऐकायला भारी वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात अधिकाऱ्याने छळलं तर भरपाई त्याच्याच खिशातून वसूल करता येते, असं म्हटलं. वकीलमंडळी हा निकाल हमखास काढतात. तो ग्राहक कायद्याखालचा होता, हे जरा हळू सांगतात. शिवाय आधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्या, दोन महिने थांबा, मग रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी भरा.

हे सगळं केलंही असतं. घोडं पेंड खातं ते पुराव्यापाशी. लाकडाचा व्यापारी भाव सांगतो तो बांधावर उभा राहून, खोडाला टेप गुंडाळत, तोंडी. लिहून द्या म्हटलं तर, "कागद कशाला अण्णा, शब्द आहे की!" पुन्हा मागितलं तर फोन उचलायचा बंद. मग मला भाव काय मिळत होता आणि आता किती कमी मिळतोय, हे कोर्टात दाखवायचं कशावर? त्यातून झाड उभंच. सरकारी वकील म्हणणार, एवढ्या काळात घेर वाढलाच की, तोटा कसला? आणि ते अगदीच खोटं नाही.

अपिलाला यातलं काही लागत नाही. अर्जाची तारखेची पोच हवी आणि मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील. दंड ५०० ते ५,००० रुपये, तोही तुम्हाला मिळत नाही. भरपाई म्हणून बघाल तर निराश व्हाल. पण दंड अधिकाऱ्याच्या पगारातून जातो. माझ्या बाबतीत तरी सुनावणीची नोटीस निघाली आणि मोजणीला माणूस आला. प्रत्येक ऑफिसात असंच होईल, असं म्हणवत नाही. तुमची सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली, आहे का, तिला किती दिवस दिलेत, हे 'आपले सरकार'वर आधी बघा.

तोडलेला माल वाहतूक पासवाचून पडून असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ओंडक्यांना तडे जातात, भुंगा लागतो, व्यापारी दर पाडतो. सौदा लेखी असेल तर दाव्याचा विचार जरूर करा, पण मुदत वर्षभराचीच धरून चला. नुसता निर्णयच हवा असेल तर रिटही आहे, म्हणजे ऑफिसाला आदेश द्या असा उच्च न्यायालयात अर्ज. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय. वकिलाची फी तेवढी आधी विचारा. साग उभा असेल तर मी तरी आधी अपीलच लावेन.