याझू की इरेझर, या दोन ब्रिटिश बँडपैकी कुठला भारी?
दोन्हीकडे सिंथेसायझरवर माणूस एकच, व्हिन्स क्लार्क, डेपेश मोड हा बँड सोडून आलेला. याझू १९८२ ला आलं आणि १९८३ ला खल्लास, अल्बम दोनच, पण ‘ओन्ली यू’ हेडफोन लावून ऐका, मागे सिंथचे सुटे सुटे सूर टपटप पडतायत आणि त्यावर ॲलिसन मॉयेचा तो भरदार, ब्लूजमध्ये मुरलेला आवाज, अंगावर काटाच येतो राव. इरेझर १९८५ पासूनचं, गायक अँडी बेल पेपरातली जाहिरात बघून आलेला, ‘अ लिटल रिस्पेक्ट’मध्ये कसला वर चढतो त्याचा आवाज! नाचायला इरेझरच भारी, गाणीही ढीगभर. तरी एकच निवडायचं तर मी याझूच घेणार, मॉयेसारखा आवाज क्लार्कला परत मिळालाच नाही.