एडिनबराचा हिवाळा आणि हेडसेटमधलं ऊन

एडिनबरात डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवून पुन्हा टेबलाशी बसावं तर थोड्याच वेळात खिडकीबाहेर काळोख. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या हे कितीही वर्षं राहिलं तरी अंगवळणी पडत नाही. म्हणून ऑक्टोबरात व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आपण दुसऱ्याच आभासी जागेत आहोत असं दाखवणारं यंत्र, घेतला, तोही खेळांसाठी नाही, त्यातल्या उन्हाच्या खोलीत बसून काम करता यावं म्हणून. आता मार्च संपत आलाय.

आभासी खोलीतल्या उजेडाने मूड बदलतो, आणि लगेच बदलतो. मला आवडते ती लाकडी फरशीची खोली: डावीकडून तिरपं पिवळसर ऊन येतं आणि टेबलाच्या कडेवर त्याची एक रेघ पडते. तिथे अहवालाचा आराखडा भराभर सुचतो. त्याच हेडसेटमध्ये एक पांढरंफटक, सावल्याच नसलेलं ऑफिस आहे. तिथे आकडे तपासताना चूक चटकन सापडते, नवीन मात्र काही सुचत नाही. आलटूनपालटून बसून पाहिलं, फरक टिकून आहे.

तासाभरानंतर मात्र काहीतरी खटकू लागतं. खिडकीच्या चौकटीची सावली जागची हलतच नाही! हेडसेटमधली चिप मोबाइलच्या जातीची, तिला सावल्या क्षणोक्षणी नव्याने काढणं जड जातं, त्यामुळे बहुतेक खोल्यांत उजेड-सावलीचा हिशोब आधीच करून तो भिंती-फरशीवर चिकटवून ठेवलेला असतो. घड्याळ पुढे जातं, दुपार तिथेच. मला त्याने सुस्ती येते. सूर्य सरकवता येतो असं एक दृश्य शेवटी सापडलं. तासातासाने तो थोडा खाली आणतो, आणि संध्याकाळी काम आवरावंसं आपोआप वाटतं.

पण हे ऊन शरीराला पुरत नाही. डोळ्यांच्या आतल्या पडद्यात मेलानोप्सिन असलेल्या पेशी असतात. 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस उगवल्याचं मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यासाठी उजेड भरपूर लागतो. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ज्या हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं, त्यावर वापरतात तो दिवा 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे एखाद्या जागी पोहोचणारा उजेड मोजायचं माप), रोज सकाळी अर्धा तास. माझ्या हेडसेटच्या पडद्याची चमक शंभर निटच्या (पडद्याची चमक मोजायचं माप) आसपास, म्हणजे डोळ्यापर्यंत फार तर दोनशे लक्स. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा काही हजार असतात. त्यामुळे सकाळचा दिवा आणि दुपारी बाराची फेरी मी सोडलेली नाही, आणि हेडसेट आणून या दोन्ही गोष्टी कुणी सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

हेडसेटचं वजन अर्धा किलो, दीड तासात गालांवर वळ उठतात. डोळेही थकतात, कारण खिडकीतला डोंगर कितीही दूर दिसला तरी नजरेचा फोकस एकाच अंतरावर खिळलेला असतो.

रात्रीची दृश्यं माझ्यासाठी बाद. माझ्या हेडसेटसारख्या एलसीडी पडद्यामागचा दिवा सतत चालू असल्याने काळा रंग राखाडी दिसतो, आणि त्या धुरकट अंधारात मन उदास होतं. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो किंवा विझतो, म्हणून त्यावर काळा खरोखर काळा दिसतो. विकत घेण्याआधी दुकानात चांदण्या रात्रीचं दृश्य लावायला सांगा आणि पाच मिनिटं त्यातच बसा.